अंगारकीचं पुटीन

कॅनडातल्या एका सहा फुटी, पन्नाशीच्या माणसाला मी बहारीनच्या वाळवंटात रडवलं. माझा हेतू त्याला जेवू घालण्याचा होता.

हा माणूस म्हणजे लुसियन, ऑफिसातला माझा साहेब. मूळचा क्वेबेकचा, म्हणजे कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातला. मी स्वतः कंपनीच्या कामासाठी तिकडे माँट्रियलला दोन हिवाळे काढले आहेत (मध्ये उन्हाळाही होता म्हणे, माझं लक्ष नव्हतं). तिथे मला जगवलं ते पुटीनने. पुटीन म्हणजे बटाट्याचे जाड तळलेले काप, त्यावर ताज्या चीजचे तुकडे आणि त्यावर कढत तपकिरी रस्सा. बस्स! दिसायला उष्ट्या ताटासारखं, पण पहिला घास पोटात गेला की थंडी, कामाचा ताप, घरची आठवण, सगळं खलास! आणि चीज अगदी ताजं असेल तर चावताना दातांत 'चुईं' वाजतं. तो आवाज नसेल तर तिकडची माणसं पुटीन खातात, पण मन लावून खात नाहीत.

एवढं ज्ञान पोटात ठेवायचं तर मी गप्प बसणाऱ्यांतला हवा होतो. "पुटीन? एकदा माझ्या हातचं खाऊन बघा!" असं मी लुसियनला येता-जाता ऐकवायचो. (माँट्रियलमध्ये मी पुटीन फक्त विकत घेतलं होतं. पण विकत घेताना नीट बघितलं होतं!)

एका मंगळवारी लुसियनने मला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे व्हिसा, फ्लॅट आणि परतीचं तिकीट, सगळं एका रांगेत उभं राहिलं. त्याने टेबलाखालून एक पिशवी काढली.

"बहीण आज पहाटे आली. चीज आणलंय," तो कुजबुजला. "आज वाजतंय. उद्या वाजेल असं वाटत नाही. बहारीनला आल्यापासून मी पुटीन खाल्लेलं नाही. माझ्या घरी स्वयंपाकघर म्हणजे कॉफीचं मशीन. तुझ्याकडे येतो. यल्ला?"

"यल्ला!" मी म्हणालो. (यल्ला म्हणजे इकडच्या अरबीत 'चला'.) असं काही ठरवण्याआधी घरी विचारायचं असतं, हे मला लिफ्टमध्ये आठवलं.

मनामातल्या आमच्या फ्लॅटचं दार माझ्या बायकोने, मेघनाने उघडलं. माझ्या हातातली, रश्श्यासाठी आणलेल्या कोंबडीची पिशवी बघून तिने ते पुन्हा अर्धं लावलं.

"आज काय आहे?" तिने विचारलं.

"मंगळवार."

"आणि?"

आतून माझ्या आईचा आवाज आला, "आणि चतुर्थी! अंगारकी आहे आज! ती पिशवी उंबऱ्याच्या आत आली तर मी बाहेर जाईन!"

आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली होती. येताना गुडघ्यांसाठी तेल, गणपतीसाठी शेंदूर आणि स्वतःसाठी नवी कवळी, एवढं घेऊन आली होती. त्यातलं तेल आणि शेंदूर कामाला लागले होते. कवळीशी तिचं अजून पटलं नव्हतं.

कोंबडी शेजारच्या करीमभाईंच्या फ्रीजमध्ये गेली. (करीमभाई रत्नागिरीचे, सूकमध्ये, म्हणजे इथल्या जुन्या बाजारात, त्यांचं मसाल्यांचं दुकान. "ठेवा वो, पण परत मिळायची खात्री नाय," म्हणाले.) कांदा-लसूणही बाद झाला. मी कपाळाला हात लावून बसलो.

"त्यात असतं तरी काय?" आईने विचारलं.

"बटाटे. चीज. रस्सा."

"बटाटे उपासाला चालतात. चीज म्हणजे दूधच. हे तर उपासाचंच आहे की रे! तुमचा रस्सा तेवढा चुकलाय. मी दाण्याची आमटी करते."

"आई, त्या माणसाच्या भावना—"

"तपकिरी असते ना? मग झालं तर!"

लुसियन आला तो पिशवी छातीशी धरूनच. मेघनाने काप असे तळले होते की बघणाऱ्याने उपास मोडावा. आमटी उकळत होती. मी चीज फोडलं, ताट पुढे केलं आणि म्हणालो, "घ्या!"

लुसियनने आईकडे बघितलं. "मॅडम?"

"आप खाओ, बेटा," आई म्हणाली. "हमारा चंद्र आने को टाइम है."

मी त्याला उपास समजावला. नैवेद्य झालाय, पण चंद्र दिसल्याशिवाय आई जेवत नाही. त्याने लगेच काटा खाली ठेवला. "तुझी आई सकाळपासून उपाशी आहे आणि मी खाऊ? माझ्या आईने मला असं वाढवलेलं नाही!"

"अरे, त्याला म्हणावं, खा!"

"त्यांना सांग, मी थांबतो!"

"पाहुणा उपाशी राहिला तर मला पाप लागेल!"

मधल्या मध्ये माझ्या डोळ्यांदेखत काप मान टाकू लागले. पुटीनला चंद्र-सूर्य कळत नाहीत. ते त्या क्षणी खायचं असतं.

मी पुण्याला मावशीला फोन लावला. तिचा चंद्र कधीच उगवला होता, तिचे मोदकही संपले होते. "आई, चंद्र एकच असतो," मी म्हणालो. "मावशीने बघितलाय!"

"मग जेवणही तिचंच झालंय," आई म्हणाली. "माझं व्हायचंय."

आम्ही सगळे गच्चीवर गेलो. पूर्वेला ऑफिसांची एक नवीकोरी काचेची इमारत उभी होती. चंद्र उगवला असेल तर तो तिच्या मागे, लिफ्टची वाट बघत असणार. तेवढ्यात करीमभाई वर आले. आम्हाला आकाशाकडे तोंड करून उभे बघून त्यांनी चष्मा पुसला.

"काय वो, चांद शोधताय? आमची ईद तर कधीच झाली!"

मी सांगितल्यावर ते एकदम पेटले. चंद्र शोधणं हा त्यांचा हातखंडा. त्यांनी सखीरला फोन लावला. तिथे विद्यापीठाजवळ त्यांचा भाचा राहतो. "दिसला! ताटलीएवढा दिसला म्हणतो! तिकडं सगळं मोकळं वाळवंट. यल्ला, माझी गाडी हाय खाली!"

माझ्या आयुष्यात "यल्ला" म्हटल्यावर काही चांगलं झाल्याचं मला आठवत नाही.

पाच मिनिटांत मिरवणूक निघाली. पुढे करीमभाई आणि पूजेचं ताम्हन घेतलेली आई. मागे मेघनाच्या मांडीवर आमटीचा थर्मास, लुसियनच्या मांडीवर चीज आणि माझ्या मांडीवर कापांचा डबा. त्याचं झाकण घट्ट लावलेलं होतं, कारण मला वाटलं, गरम राहतील. गरम राहिले! वाफेत घामाघूमही झाले. प्रत्येक सिग्नलला मी झाकण उघडून बघत होतो आणि प्रत्येक वेळी उघडल्याचा पश्चात्ताप करत होतो.

सखीरला रेसच्या ट्रॅकच्या पुढे गाडी थांबली. समोर चंद्र! तांबूस, एका बाजूने चेपलेला, पण आमचा. आईने वाळूत उभं राहून अर्घ्य दिलं आणि हात जोडले. करीमभाईंनीही चष्मा काढून बघून घेतलं आणि "चांद पक्का हाय," म्हणून दाखला दिला.

मग गाडीच्या बॉनेटवर मी डबा उघडला. आत काप नव्हते. बटाट्याचा लगदा होता. त्यावर चीज टाकलं, आमटी ओतली आणि आईने चमच्याने ते सगळं एकत्र कालवलं! माँट्रियलमध्ये हे बघितलं असतं तर लोकांनी पोलीस बोलावले असते.

लुसियनने एक घास घेतला. थांबला. दुसरा घेतला. आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"साहेब, सॉरी," मी म्हणालो. "गेलं सगळं. मऊ पडलं."

"मऊच असायचं!" तो म्हणाला. "आमचं घर शेतावर. आई गावातल्या खाऊच्या गाडीवरून पुटीन डब्यात घेऊन यायची. घरी येईपर्यंत असंच व्हायचं. इतकी वर्षं मी तिकडच्या हॉटेलांत कुरकुरीत खात होतो आणि मला कळत नव्हतं, काय चुकतंय!"

खरं सांगतो, मलाही भरून आलं. मग त्याने चीजचा एक तुकडा नुसताच चावला, कान देऊन. काही नाही. पुन्हा चावला. चीजचा आवाज वाटेतच कुठे तरी गेला होता. त्याचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आईने पहिला घास घेतला आणि त्या वाळवंटात स्वच्छ ऐकू आलं, "चुईं!"

"वाजलं!" लुसियन ओरडला. "मॅडमना वाजतंय!" आई चावत राहिली, चुईं, चुईं, आणि तो लहान मुलासारखा टाळ्या पिटत राहिला. मेघनाने माझ्याकडे बघितलं. मी चंद्राकडे बघितलं.

ती कवळी होती.

हे आजतागायत लुसियनला कोणी सांगितलेलं नाही. आता तो दर चतुर्थीला आमच्याकडे येतो, आईच्या शेजारी बसतो आणि आधी तिच्या घासाकडे कान देतो. ऑफिसात सगळ्यांना सांगतो, "याच्यासारखं पुटीन माँट्रियलमध्येही मिळत नाही!" मी मान खाली घालतो. लोकांना तो विनय वाटतो. खरं म्हणजे बटाटे मेघनाचे, आमटी आईची, चीज लुसियनच्या बहिणीचं, गाडी करीमभाईंची आणि आवाज कवळीचा. माझं त्यात फक्त झाकण होतं.