मामी मंगळावर गेल्या
बस चालवण्यातून निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी डेपोत पडलेलं ‘ब्रेकमामा’ हे नाव त्यांना चिकटलं ते चिकटलंच. कुणी काही नवं सुचवलं की यांचा पाय आधी ब्रेकवर. माणसाच्या भविष्याचं संग्रहालय बघायला मुलीने तिकिटं काढून दिली, तेव्हाही ते कुरकुरले, “उद्याचं बघायला आज कशाला तंगडतोड?” पण मामी केव्हाच चपला घालून दारात उभ्या होत्या.

तिथे गेल्या गेल्या मामांचे बूट काढून घेतले आणि मऊ मोजे हातात दिले. आत मिट्ट काळोख. पायाखाली खोटा समुद्र उसळत होता आणि छतातून एक गोड आवाज सांगत होता, “प्रिय मानवा, श्वास सोड.”

“ही कोण मला अरेतुरे करणारी?” मामा तडकले.

त्यातच त्यांना लघवीला लागली. तिथे कामाला असलेली मुलगी म्हणाली, “आजोबा, हिमयुग संपल्याशिवाय दार उघडत नाही.” आणि छतावर चाललेलं हिमयुग तर संपता संपेना. मामी मात्र आ वासून वर बघत होत्या.

“अहो, बघा तरी!”

“काय बघू? इथे माझा जीव चाललाय!”

शेवटच्या दालनात दोन दारं होती. एकावर ‘पृथ्वीवर राहा’, दुसऱ्यावर ‘मंगळावर जा, परतीची वाट नाही’. मामा पृथ्वीच्या दारातून पळतच सुटले आणि बाथरूम सापडल्यावर कुठे त्यांच्या जिवात जीव आला. बाहेर येऊन बघतात तर मामी गायब.

“आजींनी मंगळ घेतला,” मघाची मुलगी म्हणाली.

परत मिळालेले बूट घेऊन मामा धुमसत बाकावर बसले. भाजी कुठली आणू, हेसुद्धा विचारून आणणारी बाई ही!

बऱ्याच वेळाने मामी आल्या. केस विस्कटलेले, चेहरा फुललेला.

“मला न सांगता गेलीस?”

“सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं?”

“परत येता येत नाही असं लिहिलं होतं तिथे!”

“वाचलं होतं मी.” मामी शेजारी टेकल्या. “सगळीकडे लाल माती हो. चिटपाखरू नाही. कुणी हाक मारत नव्हतं. मी नुसती बसून राहिले.”

मामा बुटाच्या नाडीशी झटापट करत राहिले. मग खाली मान घालूनच म्हणाले, “मग आलीस कशाला?”

“शो संपला.”

पुढच्या आठवड्यात मामी पुन्हा गेल्या. मामाही सोबत गेले, पण आत पाऊल टाकलं नाही. बाहेरच्या बाकावर बसून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वैतागून सांगत राहिले, की आत बघण्यासारखं काही म्हणजे काही नाही.