कोर्टात सतरा, कारखान्यात एकवीस

नाशिकच्या कोर्टात सरांच्या हाताखाली वकिली करायला लागल्यापासून मला एक वाईट सवय लागली आहे. निकाल लागला की केस विसरते, पण पक्षकार जाता जाता काय बोलला ते डोक्यातच राहतं! त्यात आमच्याकडे येणारे निम्मे जण सतरा ते एकवीसमधले. अठराच्या आत गुन्हा घडला, तर शिक्षेचा डाग सहसा पुढे नोकरीच्या आड येत नाही. अठरा पूर्ण झाली की ती मुभा संपली. त्यामुळे वयावरून जी ओढाताण चालते, ती विचारू नका.

*

वरातीतल्या मारामारीत तिघं पकडले गेले. वयाच्या पुराव्याला शाळेचे दाखले आणले, तर तिघांचीही जन्मतारीख एक जून! गुरुजींनी प्रवेशाच्या वेळी सगळ्या वर्गाला एकच तारीख देऊन टाकलेली.

सरकारी वकील उसळले, "साहेब, अख्खं गाव एकाच दिवशी जन्मलं का?"

न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "पुढे चला. माझीही एक जूनच आहे."

*

वणीकडच्या एक मावशी लेकाला घेऊन आल्या. कारखान्याच्या कार्डावर तो एकवीसचा, दाखल्यावर सतराचा. सर वैतागले, "मावशी, याचं खरं वय काय?"

"कामाला लावताना एकवीस सांगितलं व्हतं साहेब. कोर्टात सतराच धरा. घरात तर आजून पाचाचाच हाय!"

*

आमचे सर पुढची तारीख मागण्यात पटाईत. एकदा मात्र उलटंच झालं. पक्षकाराला सोमवारी एकवीस पूर्ण होणार होती. त्याआधी दोषी ठरला, तर तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटायची मोठी आशा. आणि शुक्रवारी सरकारी वकिलांनीच तारीख मागितली!

सर ताडकन उठले. "नको साहेब! आमच्या माणसाला आजच दोषी ठरवा!"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "वकीलसाहेब, तब्येत बरी आहे ना?"

पक्षकार मागून माझा कोट ओढत होता. "मॅडम, हे नक्की आपलेच वकील ना?"

*

सिन्नरजवळच्या किरणने सतराव्या वर्षी कुणाची तरी मोटरसायकल पळवली होती. पुढे अपिलाची मुदत संपली, नोंद नष्ट करायचा आदेश झाला. आता त्याला कारखान्यात नोकरी लागत होती, घरातली पहिलीच पक्की नोकरी. फक्त पोलिसांची चारित्र्य पडताळणी बाकी होती. "जुनं काही कुणापुढे काढायचं नाही," असं मी मायलेकांना दहादा बजावलं. मला खरंच धाकधूक होती.

पडताळणीच्या दिवशी कागद द्यायला मी गावात उतरले, तर स्टँडवर भला मोठा फ्लेक्स! किरणचा गॉगल लावलेला फोटो, खाली अकरा मित्रांचे चेहरे, आणि मजकूर: 'गुन्ह्याची नोंद नष्ट झाल्याबद्दल किरणभाऊंचे हार्दिक अभिनंदन!'

पडताळणीला आलेले हवालदार खाली उभे राहून सावकाश वाचत होते. शेजारी किरणची आई.

"कसली नोंद हो ही?" त्यांनी विचारलं.

"ती कोर्टानं पुसून टाकली साहेब. आता जी नायच, तिचं काय सांगू?"

हवालदारांनी एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग फ्लेक्सच्याच सावलीत उभं राहून त्यांनी रिपोर्ट लिहिला: 'काही आढळून आले नाही.'