टेपमामाचा उजवा डोळा

सगळं युनिट त्याला टेपमामा म्हणायचं. कमरेला मोजायची टेप आणि काम एकच. नट पुढेमागे झाला की कॅमेऱ्याच्या भिंगावरची कडी तेवढीच फिरवायची, म्हणजे चेहरा स्पष्ट राहतो. बोटभर चुकलं की चेहरा धूसर आणि मागची भिंत ठळक. सव्वीस वर्षं मामा नुसत्या नजरेनं अंतर सांगत आला. "साडेसात फूट," तो म्हणायचा, आणि टेप निमूटपणे तेवढीच भरायची.

आता उजव्या डोळ्यापुढे धुकं साचलं होतं. एकदा त्यानं चहा कपाच्या बाहेर ओतला. बायको हसली, मामानं मात्र हळूच एकेक डोळा झाकून पाहिला. एका डोळ्याला अंतराचा अंदाज येत नाही. हे कुणाला कळलं तर उद्यापासून घरी. मग तो नटांची पावलं कानांनी मोजू लागला. पाच पावलं झाली की कडी इथं, सात झाली की तिथं. तीन महिने असे काढले, पण दर शॉटला जीव मुठीत.

आजचा शॉट लांबलचक बोळातला होता. कॅमेरा जागचा हलणार नव्हता. नायिका दारातून पळत येऊन भिंगासमोर हातभर अंतरावर थांबणार, आणि भ्यालेले डोळे तेवढे लख्ख हवेत, असं दिग्दर्शक बाईंनी बजावलं होतं. तालमीत चपलांची टाच खाडखाड वाजली. नऊ पावलं. मामाला जरा हायसं वाटलं.

तेवढ्यात बाई नायिकेला म्हणाल्या, "चपला काढ गं. जीव घेऊन पळणारी बाई चपला शोधत बसेल का?"

त्यांचं बरोबरच होतं. मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

शॉट सुरू झाला. पावलांचा आवाज नाहीच. मामानं अंदाजानं कडी फिरवली. पडद्यावर पाहिलं तर मागच्या भिंतीतली खुंटी लख्ख, आणि चेहरा पुसून टाकल्यासारखा.

भिंगच बिघडलं असणार, बदला, असं बाई म्हणाल्या. पळवाट आयती समोर आली होती. पण दुसऱ्या भिंगानंतर काय? कॅमेरामन दाजी, मामाच्या बहिणीचे यजमान, भिंग काढायला लागलेसुद्धा. त्यांनीच मामाला या धंद्यात आणलं होतं. मामानं त्यांची बाही धरून त्यांना बाजूला नेलं.

"दाजी, भिंग चांगलंय. मलाच नीट दिसत नाही."

"कधीपासून?"

"तीन महिने."

दाजींचा चेहरा उतरला. तीन महिन्यांचं सगळं चित्रण त्यांच्या नावावर होतं.

"आणि आज सांगतोयस?"

"तुम्ही काढून टाकाल म्हणून."

तसं नाही रे, असं दाजी म्हणाले नाहीत. कॅमेरा हलणार नाही, कडी मीच फिरवतो, एवढंच त्यांनी बाईंना सांगितलं. मग मामाकडे न बघता म्हणाले, "उद्या डोळा दाखव. पुढचं मग बघू."

मामा भिंतीला टेकून उभा राहिला. शॉट सुरू झाला आणि मोकळे हात कुठं ठेवायचे ते त्याला कळेना. त्यानं ते खिशात घातले. तिथंही बोटं नसलेली कडी फिरवतच होती.