फिटिंगताईनं सरळ केलेली बाई

बसमध्ये जागा बारा आणि फिटिंगताईचा नंबर तेरावा.

"राखीव म्हणजे काहीच नाही असं थोडंच आहे!" इस्पितळातल्या समाजसेविका मॅडम म्हणाल्या. "कुणी गळलं तर तुम्हीच."

"आपल्यात गळणं म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना मॅडम?"

मॅडमनी यादी उलटी करून ठेवली.

बस निघणार होती ती एक पडदा घेऊन. कॅन्सरमधून उठलेल्या बायकांनी दर बुधवारी इस्पितळाच्या जुन्या धोबीखोलीत बसून तो केला होता. चांगला भिंतीएवढा. त्यावर प्रत्येकीनं कापडातून कापून टाचलेली स्वतःची हातभर उंच आकृती. चार गावं, चार सभागृहं, नऊ दिवस. तिथल्या आजारी बायकांनी पडदा बघायचा, आपलंही एखादं कापड त्याला जोडायचं. फिटिंगताई गटात सगळ्यांत उशिरा आली म्हणून तिचा नंबर शेवटचा. पण जायची ओढ मात्र पहिल्या नंबरची. ऑपरेशन, सलाइनं, शेक या सगळ्यात दोन वर्षं ती एकाच रस्त्यानं फिरत होती. घर, दुकान, इस्पितळ. त्या रस्त्यावरचे खड्डे ड्रायव्हरपेक्षा तिला पाठ. तिला फक्त अशा गावी जायचं होतं, जिथे उतरल्यावर कुणी "फाइल आणलीत का?" म्हणणार नाही.

"नऊ दिवस?" वहिनी म्हणाली. फिटिंगताई भावाकडे राहायची. "आणि तुमच्या औषधांचं कोण बघणार?"

"आत्ता कोण बघतं? मीच ना?"

"तसं नाही हो ताई. पण ताकद कुठे आलीय अजून? दोन बादल्या कपडे वाळत घातले तरी धाप लागते तुम्हाला."

"मग दोन बादल्या मला देता कशाला?"

भाऊ पेपरामागून खाकरला. "ताई, ती काळजीनं बोलतेय गं."

"हो ना. काळजी पण कशी गुणाची, बरोबर धुण्याच्या वेळेला येते."

तशीही जागा मिळालेलीच नव्हती, त्यामुळे भांडण तिथेच वाळत पडलं.

यादीत पहिला नंबर होता पोस्टवालीचा. तिनं पोस्टाच्या काउंटरवर सव्वीस वर्षं शिक्के मारले होते आणि तिची जीभही शिक्क्यासारखीच पडायची. चारही गावांचे पिनकोड तिला तोंडपाठ.

"गेलायत कधी तिकडे?" फिटिंगताईनं एकदा विचारलं होतं.

"पाठवलं भरपूर. गेले नाही. आता खिडकीची जागा मागून घेतलीय, आधीच सांगते, नंतर ताई-माई करत यायचं नाही."

पोस्टवालीला शिवण येत नव्हतं. तिनं पार्सलाच्या जाड कापडातून आपली आकृती कापली होती. डावा हात उजव्यापेक्षा सुजल्यासारखा जाड, डावा खांदा उतरलेला, छाती त्या बाजूला सपाट. आणि मान अशी तिरकी, की मागून कुणी हाक मारलीय आणि हिला वळायचं नाहीये.

बायकांनी आकृत्या कच्च्या टाक्यांनी टाचल्या होत्या. त्या मशीनवर पक्क्या करायला पडदा फिटिंगताईच्या दुकानात आला. दुकान म्हणजे जिन्याखालची एक मशीन आणि एक माणूस मावेल अशी जागा. तिथे ती बावीस वर्षं दुसऱ्यांनी शिवलेलं उसवत, घट्ट-सैल करत बसली होती. बारा आकृत्या मुकाट पक्क्या झाल्या. तेराव्या, म्हणजे पोस्टवालीच्या आकृतीपाशी मशीन थांबली. कापड एका बाजूला ओढत होतं. ते तिच्या डोळ्यांत खुपायला लागलं. हात शिवशिवले.

"एवढं चांगलं कापड," ती मशीनला म्हणाली, "आणि अशी अवकळा!"

दुपार होती, गिऱ्हाईक नव्हतं. तिनं ब्लेडनं टाके उडवले. खांदा दोन बोटं वर घेतला, जाड हात कापून दुसऱ्यासारखा केला, डाव्या छातीखाली कापसाची घडी सारली, मान सरळ केली. उसवलेल्या जागी सुईच्या भोकांची रांग उरते. त्यावर तिनं ओलं फडकं टाकून इस्त्री दाबली, नखानं दोरे एकमेकांवर सरकवले. भोकं मिटली. आधीची बाई कशी होती याची खूण उरली नाही. कातरलेले तुकडे केराबरोबर गेले. ताई खूश. पोस्टवालीला न सांगता केलेलं हे तिला दिलेलं प्रेझेंटच, असं तिला वाटलं.

बुधवारी पडदा उलगडला.

"किती ताठ उभी आहे!" मॅडम टाळ्या वाजवत म्हणाल्या. "हीच घ्यायची पोस्टरवर. देणगीदारांना असंच काहीतरी हवं होतं, हिंमतवालं."

पोस्टवाली जवळ गेली. चष्मा काढून बघितलं, घालून बघितलं.

"ही कोण?"

"तुम्हीच की," फिटिंगताई हसत म्हणाली.

"अस्सं. बरी दिसते. कुठे राहते?"

फिटिंगताई पडद्याची कड चापचोपत म्हणाली, "कापड ओढत होतं हो, म्हणून जरासं..."

"फिटिंगताई, ऑपरेशनच्या वेळी मला विचारून कापलं होतं. कागदावर सही घेतली होती त्यांनी."

मग ती पर्स उचलून गेली. मॅडम म्हणाल्या, "थकलीय बिचारी," आणि फोटोवाल्याला आत बोलावलं.

निघायला आठ दिवस उरले असताना मॅडमचा फोन आला. पोस्टवालीच्या पाठीच्या कण्यात पुन्हा निघालं होतं. "तर तुमची जागा पक्की. तयारीला लागा."

फिटिंगताईला आधी आनंद झाला. हे नंतर तिनं कितीही नाकारायचं ठरवलं तरी खरं होतं. कोणती पिशवी घ्यायची इथपर्यंत ती मनात पोचली, आणि मग मशीनच्या पायट्यावर पाय तसाच ठेवून बसून राहिली.

वॉर्डात पोस्टवाली उशांच्या आधारानं बसली होती.

"या, राखीव," ती म्हणाली. "लागला ना नंबर?"

"असं नका बोलू."

"मग काय ओवाळू? बसा. खिडकीची जागा माझी आहे, मॅडमना सांगून ठेवलंय, ती तुम्हालाच. पण मी होते तशी करा मला. मी वाकडी जाणार."

"करते. शप्पथ करते."

"शपथ ठेवा तुमच्याकडे. सुई घ्या."

फिटिंगताई तशीच उठून मॅडमकडे गेली. मॅडमच्या कपाळाला आठी. "पोस्टरं छापून झाली हो! लोक तीच आकृती शोधणार. आणि हे बघा, यादी अजून माझ्याच हातात आहे. कुणाला मनातून जमत नसेल तर आत्ताच सांगावं."

दोन वर्षं उलट्या काढत केस, नखं, सगळं घालवून आलेली ही बाई, तिनं त्या टेबलापाशी जीभही घालवली. "जमतंय मॅडम," म्हणाली आणि परत आली. पडदा तसाच, ताठ बाईसकट, बसच्या टपावर चढला. वहिनीनं पिशवीत टॉवेल ठेवता ठेवता म्हटलं, "जा बाई, तुमचं बरं आहे." फिटिंगताईनं पिशवीची चेन ओढली.

पहिल्या गावात सभागृह भरलं. डोक्याला रुमाल बांधलेली एक तरुण बाई पोस्टवालीच्या आकृतीसमोर कितीतरी वेळ उभी होती.

"ह्या पूर्ण बऱ्या झाल्या का हो?"

"हो," फिटिंगताई म्हणाली.

"बघितलंत? अगदी काही झालंच नाही अशा दिसतात." ती बाई रुमालावरून हात फिरवत गेली. जाताना तिची डावी बाजू उतरलेली होती, हात जाड होता, आणि चालताना ती सगळं पदराखाली झाकत होती.

दुसऱ्या दिवशी भर रस्त्यात टायर फुटलं. बायका सावलीला उतरल्या. फिटिंगताईनं ड्रायव्हरला गोड बोलून पडदा खाली घेतला, खिडकीच्या जागेवर बसली, मांडीवर तेवढाच भाग ओढला आणि ब्लेड लावलं. मॅडम काचेवर ठोकत होत्या. "काय करताय? अहो, काय करताय?" तिनं बघितलं नाही. मान सुटली, खांदा सुटला, कापूस बाहेर आला. आता आधीच्या भोकांवरून टाके घालत जायचं, की झालं.

भोकं नव्हती. तिनं कापड उजेडात धरलं, ताणलं, जिभेनं ओलं केलं. स्वतःच्या हातची सफाई होती ती, एक भोक सापडेल तर शपथ! जाड हाताचे तुकडे तर केव्हाच केरात गेले होते.

तिनं पोस्टवालीला फोन लावला.

"हं," पलीकडून आवाज आला. बारीक झाला होता.

"मी फिटिंगताई. उसवलंय मी. सगळं उसवलं. पण मान किती तिरकी होती हो?"

"भोकं असतील ना."

"मिटवली होती मी."

"छान काम करता."

"सांगा ना. खांदा किती बोटं खाली होता?"

"आठवत नाही," पोस्टवाली म्हणाली.

"असं कसं? तुमचीच तर..."

"तुमचीच डोळ्यांपुढे येते. ताठ. ते पोस्टर इथे वॉर्डाच्या दारावर लावलंय. झोपल्याझोपल्या दिवसभर तेच बघते मी."

बाहेर ड्रायव्हरनं जॅक काढला. मॅडम कुणाला तरी सांगत होत्या, परत गेल्यावर हिचं नावच काढून टाकते.

"कुठे थांबलीय बस?" पोस्टवालीनं विचारलं.

"रस्त्यात. टायर गेलंय."

"खिडकीत आहात?"

"हो."

"काय दिसतंय?"

"छान आहे सगळं. हिरवंगार, समोर डोंगर..."

"फिटिंगताई."

"अं?"

"पुन्हा सुरू झालात."

फिटिंगताईनं ब्लेड खाली ठेवलं आणि बाहेर बघितलं.

"डोंगर आहे," ती म्हणाली, "पण अर्धा खणून नेलाय. खडीचे ढीग आहेत. एक टपरी, बंद. भिंतीवर 'येथे लघवी करू नये' असं लिहिलंय आणि एक म्हातारा बरोबर तिथेच उभा आहे."

फोनमध्ये काहीतरी वाजलं. हसू असेल, खोकला असेल.

"गेला का?"

"नाही, आहे अजून."

"बराच वेळ लागतोय."

"वय झालंय हो."

बायका चढल्या. तिच्या शेजारी कुणी बसलं नाही. बस हलली तशी मांडीवरची सुटी मान घसरायला लागली. तिनं ती मुठीत धरली.

"आता?" पोस्टवालीनं विचारलं.

"आता पूल आलाय. खाली पाणी नाही, नुसते दगड. त्यावर कुणीतरी गादी टाकून दिलीय, फाटकी."

"हं. पुढे?"

"थांबा," फिटिंगताई काचेला नाक लावत म्हणाली, "वळण येतंय."