चावी काढली तरी चालणारं इंजिन

नोकरीत पाहिलेले बहुतेक अपघात आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. कुठला ट्रक, कुठली जीप, नेमकं सांगता येणार नाही. एक प्रकरण मात्र वेगळं राहिलं, कारण त्यात एका खरं बोलणाऱ्या माणसाला मी चार दिवस खोटारडा म्हणत होतो.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. दौंड तालुक्यातल्या हायवेलगतच्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. पुणे-सोलापूर रस्त्यावर वाहनं वाढली होती आणि टर्बोवाली नवी डिझेल गाडी दारात असणं ही मोठेपणाची खूण झाली होती.

सीताफळाचे दिवस होते. सकाळी साडेदहाच्या सुमारास फोन आला की कासुर्डीजवळ एक मोटार रस्ता सोडून फळवाल्यांत घुसली. दोन हवालदार घेऊन मी पोहोचलो. कडेला फळं विकायला बसलेली पन्नाशीची एक बाई जागेवरच गेली होती. मोटार पुढे जाऊन बाभळीला धडकली होती, बॉनेटमधून निळसर धूर निघत होता. ड्रायव्हर त्या बाईच्या शेजारी मातीत बसला होता. पळून गेला नव्हता. हे खरं तर मला तिथेच खटकायला हवं होतं. हायवेवर माणूस गेलं की ड्रायव्हर थांबत नाही, जमाव धरून मारतो हे त्याला माहीत असतं.

ड्रायव्हर शिरूर तालुक्यातल्या एका गावचा, पन्नाशी ओलांडलेला. बाप मेंढरं राखायचा, हा घराण्यातला पहिला स्टीअरिंग धरणारा. गावात त्याला आप्पा म्हणत. मी मात्र त्याच्याशी ‘तू’वरच सुरुवात केली.

“किती वेगात होतास?”

“साहेब, गाडी माझी ऐकतच न्हवती. पाय काढला तरी वडतच हुती. ब्रेकवर उभा ऱ्हायलो. चावी बंद केली, काढून घेतली, तरी इंजान थांबंना.”

“चावी काढल्यावर इंजिन चालतं होय? मला शिकवतोस?”

मी जबाबात लिहून घेतलं, ‘वेगाबाबत समाधानकारक उत्तर दिले नाही.’ त्याचं वाक्य त्याच्या शब्दांत लिहिलं नाही. असली बाष्कळ सबब कागदावर कशाला, असं वाटलं.

निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा जामीनपात्र होता. संध्याकाळी त्याचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. गाडीचा मालक आला नाही. पण मी आप्पाला रोज हजेरीला बोलावत राहिलो. रोज तोच प्रश्न आणि त्याचं तेच उत्तर. दुसऱ्या दिवशी मोटार वाहन निरीक्षकांनी गाडी तपासली. ब्रेक चांगले, स्टीअरिंग चांगलं, इंजिन जाम. माझ्या लेखी प्रकरण संपलं होतं. एकदा तर आप्पाच्या बायकोसमोर मी म्हणालो, “बाई गेली, आता तरी खरं बोल.” तिने पदर तोंडाला लावला.

चौथ्या दिवशी दौंडचे एक वयस्कर गृहस्थ एका नातेवाइकाच्या कामासाठी ठाण्यात आले होते. रेल्वेत डिझेल इंजिनांवर फिटर म्हणून त्यांची उभी नोकरी झाली होती. सगळे त्यांना चाचा म्हणत. ठाणे अंमलदार कामात होता, म्हणून ते आवारात फिरत राहिले आणि तिथे ओढून आणलेल्या त्या गाडीपाशी थांबले. थोड्या वेळाने आत आले तेव्हा त्यांची बोटं तेलाने काळी झाली होती.

“साहेब, रागावू नका, मी जरा हात घातला. या गाडीचा ड्रायव्हर काय म्हणतो?”

मी हसत सांगितलं. ते हसले नाहीत.

“तो खरं बोलतोय. ही गाडी स्वतःचंच तेल पिऊन पळालीय.”

मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी सावकाश समजावलं. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्याच्यावर झेपेल त्याहून जास्त दाब टाकत राहिलं की त्याचं सील जातं आणि इंजिनाचं ऑइल हवेच्या वाटेने आत शिरतं. डिझेल इंजिनाला ते ऑइलही चालतं. मग चावीने डिझेल तोडलं तरी ते ऑइलवर पळत राहतं, संपेपर्यंत किंवा जाम होईपर्यंत. “हवेच्या पाइपात बोट घाला, ऑइल नुसतं वाहतंय. रेल्वेत असं इंजिन पळालं की आम्ही हवेचं तोंड दाबून धरायचो.”

“पण ब्रेक चांगले होते, चाचा.”

“इंजिन सगळ्या ताकदीने पुढं रेटत असताना एकटा ब्रेक किती पुरणार? क्लच दाबला असता तर चाकं इंजिनापासून मोकळी झाली असती. पण घाबरलेल्या माणसाचा पाय ब्रेकवरून उठत नाही. आणि नव्या गाडीचा टर्बो असा जात नाही. कुणीतरी त्याच्याशी छेडछाड केलीय.”

मी पंचनामा काढून पुन्हा वाचला. टायर घासल्याच्या लांब खुणा मीच मोजल्या होत्या. ‘चावी चालकाच्या मुठीत मिळाली’ असं माझ्याच अक्षरात होतं. अपघाताच्या जागेजवळच्या पंक्चरवाल्याला बोलावून विचारलं, तर तो म्हणाला, “झाडाला थटल्याव बी इंजान बोंबलत हुतं की, साहेब! आमी जवळ जायाला भेलो.” हे त्याला आधी कुणी विचारलंच नव्हतं.

आप्पाला बोलावून घेतलं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला बसा म्हणालो.

“गाडीला कुणी काही केलं होतं का?”

“केलं की. शिक्रापूरला एकजण हाय, ल्यापटाप लावून गाडीचा कंप्युटर बदलतो. मालक दोनदा घिऊन गेले. तवापासनं गाडी लई वडायची, आन् निळा धूर काढायची. मी म्हणलं मालकास्नी. ते म्हणले, तू चालवायचं बघ.”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“तुमी इचारलं न्हाई. आन् अकरा वर्सं त्यांची भाकरी खाल्ली, साहेब.”

शिक्रापूर आमच्या हद्दीत नव्हतं. तिथल्या ठाण्याला कळवून, त्यांचा एक कर्मचारी सोबत घेऊन आम्ही गेलो. ट्रकच्या गर्दीतून वाट काढत पोहोचलो तर एका स्पेअर पार्टच्या दुकानामागे दहा बाय दहाची खोली होती. आत टेबल, लॅपटॉप आणि वायरींचा गुंता. तिशीतला तो माणूस आधी सर्व्हिस सेंटरला नोकरीत होता. गाडीचा नंबर सांगताच म्हणाला, “आठवत नाही.”

अशा माणसाला मी दरडावत नाही. कारागिराला त्याच्या कामाबद्दल विचारलं की तो फार वेळ गप्प राहू शकत नाही. म्हटलं, “मला या यंत्रातलं काही कळत नाही. तू करतोस तरी काय, ते सांग.”

तो खुलला. “साहेब, टर्बोनं किती हवा कोंबायची हे गाडीचा कंप्युटर ठरवतो. दाब ठरलेल्या आकड्याला पोचला की तो म्हणतो, बास. मी ते ‘बास’ थोडं पुढं सरकवतो आणि त्या मानानं डिझेल वाढवतो. थोडंच केलं तर काही होत नाही.”

“आणि जास्त झालं तर?”

“तर कंप्युटर दिवा लावतो, गाडीची ताकद तोडतो. इंजिन वाचावं म्हणून.”

“या गाडीचा दिवा लागला होता?”

त्याने लॅपटॉप अर्धा मिटला. मग हळू आवाजात म्हणाला, “लागला होता. दुसऱ्यांदा आले ते त्यासाठीच. ओव्हरटेक करताना गाडी मधेच दम सोडते म्हणाले. मी सांगितलं, कंपनीच्या मूळ सेटिंगची फाइल परत टाकतो, टर्बो दाखवून घ्या. ते म्हणाले, दाब आणखी वाढव आणि तो दिवा कायमचा बंद कर.”

“तू केलास?”

“केला.”

पंचांसमक्ष लॅपटॉप उघडला. प्रत्येक गाडीची मूळ फाइल त्याने नंबर घालून जपून ठेवली होती. आपल्या गाडीच्या तीन निघाल्या, एक मूळ आणि दोन बदललेल्या. लॅपटॉप सील केला. गाडीतला कंप्युटर काढून तज्ज्ञाकडे पाठवला. तिसरी फाइल त्यात जशीच्या तशी होती.

मालक कारखान्यांना मजूर पुरवणारा ठेकेदार होता. सोबत वकील घेऊन आला. “गाडीला स्क्रू ड्रायव्हरसुद्धा लावलेला नाही,” म्हणाला. मी तज्ज्ञाचा अहवाल आणि शिक्रापूरच्या त्या लॅपटॉपवाल्या ट्यूनरचा जबाब समोर ठेवला. त्याने दोन्ही वाचले. वकील काही बोलू लागला तर त्याने हाताने थांबवलं.

“माझी गाडी होती, साहेब. मला वाटलं, बिघडली तर माझीच बिघडेल.”

आप्पाविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल मी कोर्टात दिला आणि मालक व ट्यूनर यांच्यावर दोषारोपपत्र पाठवलं. बऱ्याच वर्षांनी दोघांना शिक्षा झाली. तोवर माझी बदली झाली होती. अपिलात पुढे काय झालं, मला कळलं नाही.

बदलीच्या आधी आप्पाचं जप्त केलेलं लायसन्स परत द्यायला मी स्वतः त्याच्या गावी गेलो. काम शिपायाचं होतं. पण मला त्याला काही सांगायचं होतं. ओसरीवर बसून म्हणालो, “आप्पा, माझं चुकलं. तुम्ही खरं बोलत होता.”

“ते मला ठावंच हुतं,” तो म्हणाला. “पण क्लच मला आठवला न्हाई. पंचवीस वर्सं गाडी चालवली, आन् नेमका तवाच आठवला न्हाई.”

लायसन्स त्याने हातात घेतलं नाही. जरा वेळाने विचारलं, “त्या बाईच्या घरला याल का माझ्यासंगं? एकट्याचं धाडस हुईना.”

आम्ही गेलो. बाईचा नवरा दारात सीताफळं निवडत बसला होता. मी ओळख सांगितली, इंजिनाचं, टर्बोचं, कंप्युटरचं सांगू लागलो. त्याने ऐकलं, पण त्यातलं काही त्याच्या उपयोगाचं नव्हतं. तो आप्पाकडे वळला.

“तुमी शेजारी बसला हुता म्हनं तिच्या.”

“व्हय.”

“बोलली का काही?”

“न्हाई. हात धरला हुता मी. लगीच गेली.”

म्हाताऱ्याने हातातलं सीताफळ खाली ठेवलं. मग सरकून त्याने पोत्यावर जागा केली आणि म्हणाला, “बसा.”

आप्पा बसला. मी उभाच होतो.

त्यानंतर माझी बरीच नोकरी झाली. आरोपी कितीही अशक्य बोलला, तरी ते आधी त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायचं आणि मग तपासायचं, हे मी हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला सांगितलं. त्यांना तो तपासाचा नियम वाटायचा. पण हे सांगताना मला आप्पाच्या बायकोने तोंडाला लावलेला पदर दिसायचा, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.