तपासणीची तारीख

पेठ तालुक्याच्या डोंगरातून आलेली मजूर कुटुंबं गंगापूर रोडच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोपटांत राहायची. त्यांना शहरात रेशनकार्ड मिळावं म्हणून नव्वदच्या दशकात आम्ही काही जण कचेरीचे उंबरठे झिजवत होतो. ‘ही माणसं इथं राहतात कशावरून?’ हा तिथल्या साहेबांचा एकच प्रश्न. शेवटी मी चिडून म्हणालो, “स्वतः येऊन बघा ना!” ते तयार झाले, तारीखही त्यांनी मलाच विचारली. मला कुठला धीर! पुढचाच मंगळवार सांगून टाकला.

मंगळवारी साहेब आले, तर वस्तीत चिटपाखरू नव्हतं. चुली थंड, दारं दोरीने बांधलेली. त्यांनी उभ्या उभ्या शेरा लिहिला, ‘येथे कोणी राहत नाही.’

होळी होती. होळीला डोंगरातलं माणूस शहरात थांबत नाही, आठवडाभर गावी जातं. एवढंही मला ठाऊक नव्हतं, आणि मी त्यांच्या वतीने भाषणं ठोकत होतो!

सगळे परतल्यावर वस्तीतल्या एका मावशींवर मी चडफडलो, “जाणार होतात, तर सांगायचं तरी!”

डोक्यावरचं गाठोडं उतरवत त्या म्हणाल्या, “तारीख तुमी सायबाला सांगितली. आमाला कवा इचारली?”