दोनदा फोडलेली हळद

काल कोपर गावातल्या घरी यांच्या गुडघ्याची पट्टी बदलताना स्पिरिटचा वास आला आणि मी थेट एकाहत्तरच्या लढाईनंतरच्या नौदलाच्या हॉस्पिटलात पोचले.

आमचं लग्न ठरलेलं. हे तिथे मेडिकल असिस्टंट. यांची नोकरीची मुदत संपलेली, लढाईही संपलेली, पण वॉर्ड जखमींनी भरलेला म्हणून यांना सोडेनात. कल्याणला आमच्याकडे लग्नाची हळद दोनदा फोडली आणि दोनदा मुहूर्त हुकला. आत्या म्हणाली, "अपशकुन आहे. दुसरं स्थळ बघा."

मी बाबांना घेऊन हॉस्पिटल गाठलं. हे एका खलाशाच्या भाजलेल्या पायाला पट्टी गुंडाळत होते. मान वर न करता म्हणाले, "हा चालायला लागला की येतो. थांबायचं की नाही, तू ठरव."

तेव्हा असा राग आलेला! आज कळतं, वर बघितलं असतं तर यांचा हात हलला असता.

घरी येऊन आत्याला सांगितलं, "तिसरी हळद मी स्वतः फोडणार. माणूस दारात आल्यावर."

काल हे वैतागले, "पुरे गं, एखादी नर्स ठेवू."

मी मान वर केली नाही. म्हटलं, "तुम्ही चालायला लागलात की सोडते."